एका नावाचे अनेक धनी

१७०७ साली मराठी राज्यावर हक्क सांगणारे दोन चुलत भाऊ समोरासमोर उभे राहिले, तेव्हा त्या दोघांचेही नाव शिवाजी होते. एक संभाजी महाराजांचा मुलगा, १६८२ साली माणगावजवळच्या गांगवलीला जन्मलेला, सातव्या वर्षी रायगड पडल्यावर मोगलांच्या हाती लागलेला आणि पुढची सतरा-अठरा वर्षे औरंगजेबाच्या छावणीबरोबर फिरलेला. दुसरा राजाराम महाराज आणि ताराबाई यांचा मुलगा, १६९६ सालचा, ज्याला पुढे करून ताराबाईंनी पती गेल्यानंतरची सात वर्षे राज्य चालवले आणि लढवलेही. पहिल्याला आपण शाहू म्हणून ओळखतो आणि दुसऱ्याला बहुतेक वेळा ओळखतच नाही, त्यामुळे या प्रसंगातली मोठी अडचण आपल्या ध्यानात येत नाही. भांडण गादीचे होते, तसेच नावाचेही होते. थोरल्या महाराजांचे नाव दोघांकडेही होते आणि दोघेही त्यांचे सख्खे नातू होते.

भोसल्यांच्या घराण्यात ही नावे किती दाट विणलेली आहेत, हे वंशावळ हातात घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. शहाजीराजांच्या थोरल्या मुलाचे नाव संभाजी; तो कर्नाटकात कनकगिरीला मारला गेला. शिवाजी महाराजांनी १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव संभाजी ठेवले, ते या भावाची आठवण म्हणूनच, असे मानले जाते. त्या संभाजी महाराजांनी आपल्या मुलाचे नाव शिवाजी ठेवले. धाकट्या राजाराम महाराजांना दोन राण्यांपासून दोन मुलगे झाले, त्यांतला ताराबाईंचा शिवाजी आणि राजसबाईंचा संभाजी. म्हणजे शहाजीराजांच्या मुलांपासून पणतवांपर्यंतच्या तीनच पिढ्यांत तीन शिवाजी आणि तीन संभाजी झाले. यांतला प्रत्येक जण पत्रांत, बखरींत आणि करारांत नुसत्या नावाने येतो, आणि वाचणाऱ्याने साल पाहून माणूस ओळखावा अशी अपेक्षा असते.

आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत आपल्याकडे घरोघरी होती, आणि तिच्यामागे आठवण, पुण्याई आणि थोडीशी ‘तेच परत आले’ ही भावना असते. राजघराण्यात तिला आणखी एक बाजू येते, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. तिथे नाव हे दावा म्हणून ठेवले जाते. राजाराम महाराज आपल्या मुलाचे नाव शिवाजी ठेवत होते, तेव्हा थोरल्या भावाचा शिवाजी जिवंत होता, कैदेत होता, आणि गादीचा खरा वारस कोण हा प्रश्न मोकळाच होता. त्या परिस्थितीत पाळण्यात घातलेले हे नाव निव्वळ आजोबांच्या आठवणीपुरते होते, असे मानणे मला जड जाते.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहजादा आजमने शाहूंना सोडले. आई येसूबाई मात्र ओलीस राहिल्या आणि त्या १७१९ साली परतल्या. शाहू हे नाव त्यांना मोगलांच्या छावणीत मिळाले, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे: आजोबा ‘चोर’, तर हा ‘साव’, असे कौतुक बादशहाच्या घरात झाले आणि त्यातून शाहू झाले. हकिकत गोड आहे. मला तिच्यावर फारसा विश्वास वाटत नाही, कारण पणजोबा शहाजी असलेल्या मुलाला घरात शाहू म्हणायला बादशहाची गरज पडू नये. काहीही असले तरी त्या नावाने एक सोय केली. दोन शिवाजींपैकी एकाला वेगळे नाव मिळाले, आणि पुढच्या वाचकांचे काम सोपे झाले.

ताराबाईंनी मात्र नावाच्या या गोंधळाचा वापर हत्यारासारखा केला. सुटून आलेला माणूस खरा शाहू नाही, तो तोतया आहे, असे त्यांनी जाहीर केले. सातव्या वर्षी गेलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी परत येतो; त्याला ओळखणार कोण? सरदार परसोजी भोसल्यांनी सर्वांसमक्ष त्याच्या ताटात जेवून तो खरा असल्याची ग्वाही दिली, असे सांगतात. ओळख पटवण्याची ही रीत मला कोणत्याही दस्तऐवजापेक्षा पक्की वाटते, कारण परक्याचे उष्टे खाण्यात त्या काळी जात, कुळ आणि अब्रू असे सगळेच पणाला लागत असे. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडजवळ लढाई झाली, ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे गेले, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी आपल्या शिवाजीची गादी, हीच पुढची कोल्हापूरची, पन्हाळ्याकडे मांडली. १७१४ साली तीही उलटली, राजसबाईंचा संभाजी गादीवर आला, आणि ताराबाईंचा मुलगा कैदेत पडला. तो १७२६ साली वारला. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या चुलत भावांत १७३१ साली वारणेचा तह झाला आणि दोन गाद्या कायमच्या वेगळ्या झाल्या.

ताराबाईंची गोष्ट इथे संपत नाही, आणि नावांचा विचार करणाऱ्याने तिच्यापाशी थांबलेच पाहिजे. शाहूंना मुलगा नव्हता. त्यांच्या अखेरच्या दिवसांत ताराबाईंनी सांगितले की, आपल्या शिवाजीला त्याच्या मृत्यूनंतर झालेला एक मुलगा आहे, आणि तो इतकी वर्षे लपवून वाढवलेला आहे. त्याचे नाव राजाराम. म्हणजे ताराबाईंच्या पतीचेच नाव. आजोबांचे नाव नातवाला, ही रीत इथेही पाळलेली होती. १७५० साली हा रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला, आणि पंचाहत्तरीच्या या बाईंना पतीच्या नावाचा छत्रपती डोळ्यांसमोर दिसला. वर्ष संपण्याआधीच त्या नातवाने आपले ऐकायचे नाकारले, तेव्हा त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवले आणि जाहीर केले की हा आपला नातू नव्हेच, हा कोणी गोंधळ्याचा पोर आहे. १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तशी शपथही घेतली.

एकाच बाईंनी साडेचार दशकांच्या अंतराने दोन छत्रपतींना तोतया ठरवले, एकदा पुतण्याला आणि एकदा स्वतः पुढे आणलेल्या नातवाला. त्यांच्या करारीपणाबद्दल, आणि मोगलांशी दिलेल्या झुंजीबद्दल, माझ्या मनात आदर आहे. पण रामराजाचे काय झाले असेल याचा विचार मनातून जात नाही. त्याला दिलेले नाव खरे की खोटे, हे शपथेवर ठरत होते, आणि शपथ घेणारी व्यक्ती राजकारण पाहून ती बदलत होती. पेशव्यांनी शपथ ऐकून घेतली आणि रामराजाला गादीवर तसेच ठेवले, कारण त्यांना गादीवर बसायला माणूस हवा होता. तो १७७७ पर्यंत नावाला छत्रपती राहिला. ‘नावाला’ हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यावा.

मग या सारख्या नावांच्या माणसांना जुने लोक वेगळे कसे काढत? याचे उत्तर मुद्रांवर आहे. शिवाजी महाराजांच्या मुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्य’ असे शब्द आहेत, म्हणजे शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा. संभाजी महाराजांच्या मुद्रेत ‘शंभोः शिवजातस्य’ असे आहे, म्हणजे शिवापासून जन्मलेल्या शंभूची. स्वतःचे नाव एकटे येत नाही. ते वडिलांच्या नावाला धरून येते. पेशव्यांनी हेच केले. ‘बाजीराव बल्लाळ’ म्हणजे बाळाजींचा मुलगा, १७४० साली रावेरखेडीला वारलेला. ‘बाजीराव रघुनाथ’ म्हणजे राघोबादादांचा मुलगा, पहिल्याचा नातू, १८१८ साली राज्य घालवून बिठूरला जाऊन राहिलेला. ‘माधवराव बल्लाळ’ आणि ‘माधवराव नारायण’ यांचेही तसेच. मोडी कागदावर बापाचे नाव वाचले की माणूस हाती लागतो. बोलण्यात आणखी वेगळ्या युक्त्या होत्या. पहिले माधवराव थोरले झाले आणि दुसरे सवाई. पहिले बाजीराव थोरले झाले, आणि दुसऱ्यांचे नाव लोकांनी सरळ उलटे करून ‘रावबाजी’ केले. ‘सवाई’ हे विशेषण जन्मल्यावर चाळीस दिवसांत पेशवा झालेल्या मुलाला मिळाले होते, आणि एकविसाव्या वर्षी तो शनिवारवाड्यात पडून वारला, हे आठवले की त्या विशेषणातली हौस बोचते.

पहिला, दुसरा, तिसरा ही पद्धत आपण इंग्रजी इतिहासग्रंथांकडून घेतली आणि ती आपल्याला नीट बसलेली नाही. विलायतेच्या राजांना आकडे लागतात, कारण तिथे एका नावाचा माणूस एका सिंहासनावर बसतो आणि मोजणी सरळ चालते. आपल्याकडे शिवाजी मोजायला घेतले, तर शाहू महाराज स्वतः शिवाजी होते, त्यांना धरायचे की नाही? ताराबाईंचा शिवाजी दुसरा, असे धरले, तर कोल्हापूरच्या गादीचा तो पहिला की दुसरा? आणि तंजावरच्या शिवाजीला कोणत्या रांगेत उभे करायचे? वेगवेगळ्या पुस्तकांत एकाच माणसापुढे वेगवेगळे आकडे दिसतात. बापाचे नाव सांगण्याची रीत यापेक्षा कितीतरी अचूक होती. ती आपण इतिहासात सोडली, आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र अजून पाळतो.

या सगळ्या मोजणीत राण्या कुठेच येत नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. शिवाजी महाराजांच्या राण्यांत सकवारबाई आणि सगुणाबाई होत्या. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या राण्यांचीही नावे सकवारबाई आणि सगुणाबाईच. कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाई यांनी १७६० साली पतीच्या निधनानंतर एका मुलाला दत्तक घेतले, त्याचे नाव शिवाजी ठेवले, आणि स्वतः तेरा वर्षे कारभार पाहिला. जिजाबाईंच्या मांडीवर पुन्हा एकदा शिवाजी आला. इतका नेमका योग जुळूनही या कर्तबगार बाईंना ‘दुसऱ्या जिजाबाई’ असे कोणी म्हटल्याचे मला तरी आढळलेले नाही.

आमच्या घरात थोरल्या भावाला आजोबांचे नाव ठेवले होते, आणि आजीने त्याला जन्मभर त्या नावाने हाक मारली नाही, कारण नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही. आईनेही मारली नाही, कारण ते सासऱ्यांचे नाव. मोठ्या थाटात बारशाला ठेवलेले ते नाव घरातल्या बायकांना उच्चारताच येत नव्हते, आणि भाऊ सगळ्यांचा ‘बाळासाहेब’ झाला. राजघराण्यांतली बाबासाहेब, आबासाहेब, बावासाहेब, अप्पासाहेब ही नावे वाचताना मला नेहमी आजी आठवते. कोल्हापूरचे एक शिवाजी बाबासाहेब होते, एक संभाजी आबासाहेब, एक शहाजी बावासाहेब. साताऱ्याचे शेवटचे छत्रपती शहाजी हे अप्पासाहेब. इतिहासकार या नावांना टोपणनावे म्हणतात. माझ्या मते थोरले नाव देव्हाऱ्यात ठेवून रोजच्या वापरासाठी काढलेली ती नावे आहेत. आजोबांचे नाव नातवाला देण्याची किंमत आमच्या घराने पुढे सातबाऱ्यावरही मोजली. वारस नोंदीच्या वेळी मयत खातेदार आणि अर्जदार यांचे नाव एकच पाहून कारकुनाने मयत माणूस स्वतःच अर्ज घेऊन कसा आला, असे विचारले. बापाचे नाव वाचा, असे त्याला सांगावे लागले.

आता तंजावरकडे वळतो, कारण या घराण्यातले सर्वांत विलक्षण नाव तिथे टिकले. मालोजीराजांना मूल होत नव्हते, त्यांनी नगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला, आणि झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. महाराष्ट्रातल्या दोन्ही गाद्यांवर त्या नावाचा राजा कधी बसला नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी मात्र तंजावरला राज्य उभे केले आणि मुलांची नावे शहाजी, शरीफजी आणि तुकोजी ठेवली. तिथे शरीफजीचे सरफोजी झाले, सरफोजीचे शरभोजी झाले, आणि संस्कृत-तमिळ काव्यात त्याचेच ‘शरभेंद्र’ झाले. नगरच्या एका दर्ग्यापाशी सुरू झालेले नाव दोनशे-सव्वादोनशे वर्षांनी कावेरीकाठच्या देवळांत नाचून दाखवल्या जाणाऱ्या कुरवंजी नाट्यात राजाचे गुणगान म्हणून गायले जात होते.

त्या नावाचे दुसरे राजे, १७९८ ते १८३२ या काळातले, हे सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहामुळे आज ओळखले जातात. त्यांच्या हाती राज्य म्हणावे असे फारसे उरले नव्हते, कारण प्रत्यक्ष कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. अशा राजाने १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर आपल्या घराण्याची समग्र बखर मराठीत कोरून घेतली. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखात, मोठ्या लांबीचा मराठी शिलालेख. त्यात शहाजी, शिवाजी, एकोजी, सरफोजी ही नावे पुन्हा पुन्हा येतात. राज्य गेलेल्या माणसाला नावे कोरून ठेवावीशी वाटली, यात मला आश्चर्य वाटत नाही. त्यांच्यानंतर आलेल्या शेवटच्या राजाचे नाव शिवाजी होते. तो १८५५ साली पुत्राविना वारला आणि कंपनीने गादी खालसा केली. सातारची गादी सात वर्षे आधी, १८४८ सालीच गेली होती. नावे भरपूर होती. कमी पडले ते इंग्रजांना मान्य होणारे वारस.

कोल्हापूरची गादी टिकली ती दत्तकांवर, आणि दत्तक म्हणजे नाव बदलणे. १८६६ साली दत्तक म्हणून आलेले राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय अवघे वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले, तिथे पुढे छत्री उभारली, आणि जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सकर आजही ‘इंडियन’चा पूल म्हणतात. तिथल्या लोकांनी त्यांचे नाव घेतले नाही, जात घेतली नाही, देश तेवढा घेतला. कोल्हापुरात त्यांच्या नावाचे राजाराम कॉलेज आहे. राजारामपुरी मात्र १९२२ साली गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या नावाची.

त्यांच्यानंतर १८७१ साली दत्तक आलेल्या मुलाचे नाव शिवाजी ठेवले. त्याच्या वाट्याला आलेले आयुष्य इतके करुण आहे की ते नाव त्याच्यावर लादले गेले असे म्हणावेसे वाटते. इंग्रजांनी त्याला वेडा ठरवले, नगरच्या किल्ल्यात ठेवले, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर तो वारला. त्याच्या छळाबद्दल लिहिल्यामुळे, दिवाण बर्व्यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, टिळक आणि आगरकर यांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. टिळकांनी १८९६ साली रायगडावर शिवाजी उत्सव भरवला, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांचा पहिला तुरुंगवास दुसऱ्याच एका शिवाजीपायी घडला होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

आणि मग १८८४ सालचा मार्च. कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव कोल्हापूरला दत्तक आला आणि त्याचे नाव शाहू ठेवले गेले. या निवडीबद्दल मी बराच विचार केला आहे. कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी झाले, संभाजी झाले, शहाजी झाले, राजाराम झाले. शाहू कधी झाला नव्हता. होणार कसा? ज्या शाहूंना ताराबाईंनी तोतया म्हटले, ज्यांच्याशी झगडून ही गादी वेगळी झाली, त्यांचे ते नाव होते. पावणेदोनशे वर्षांनी प्रतिस्पर्ध्याचे नाव आपल्या पाळण्यात घ्यायला कोल्हापूरला काहीच वाटले नाही. सातारा तोपर्यंत खालसा झाला होता, नाव रिकामे पडले होते, आणि घराण्याची सगळी मिळकत आता कोल्हापुरातच ठेवायची होती.

त्यानंतर जे झाले ते या घराण्यात एकदाच झाले. मागून आलेल्याने नाव आधीच्याकडून काढून घेतले. १९०१ पासून वसतिगृहे, १९०२ चा निम्म्या जागा मागासांसाठी राखण्याचा हुकूम, १९०९ साली सुरू झालेले राधानगरीचे धरण, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १९२० ची कोल्हापूरकडच्या माणगावची बहिष्कृत वर्गाची परिषद. अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीत या राजाने त्या दोन अक्षरांचा अर्थ बदलून टाकला. आज कोणतेही विशेषण न लावता ‘शाहू महाराज’ म्हटले की ते कोल्हापूरचे असतात. शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही, पण बाहेरच्या माणसाला विचारले तर तो कोल्हापूरचीच सांगेल. बाकीचे शिवाजी, संभाजी, राजाराम मूळ नावाच्या छायेत राहिले. हा एकटा बाहेर आला, आणि तेही दत्तक आलेला, स्वतःचे नाव सोडून आलेला.

मी कोल्हापूरच्या शाहूंचा चाहता आहे, तरी या वाटणीत साताऱ्यावर थोडा अन्याय झाला असे मला वाटते. एकेचाळीस वर्षे राज्य केलेला, बाळाजी विश्वनाथ आणि बाजीराव ही माणसे हेरून त्यांच्यावर भरवसा टाकणारा, माळवा, गुजरात आणि वसई ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांकडे आली असा हा राजा आता ‘सातारचे’ किंवा ‘थोरले’ म्हटल्याशिवाय ओळखू येत नाही. शिकारीचा आणि कुत्र्यांचा त्यांना भारी शौक होता. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, त्यांच्या समाधीशेजारी त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी दाखवतात. धन्याला वाघापासून वाचवले म्हणून त्याला इनाम आणि पालखीचा मान मिळाल्याचे सांगतात. त्याचे नाव खंड्या. एवढा मोठा लौकिक असूनही ते नाव घराण्यात पुढे कोणी चालवले नाही, त्यामुळे तो कोणता खंड्या, असे विचारण्याची वेळ अजून कोणावर आलेली नाही.